‘डोकंच चालत नाही’: सायकोसिसचा धोका असलेल्या मुलामुलींच्या रोजच्या अडचणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

समोर बसलेल्या आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा भासांबद्दल नसतं. ‘दहावीला ब्याण्णव टक्के होते हो याला. आता गॅससमोर उभा असतो आणि दूध उतू जातं, तरी कळत नाही,’ असं काहीतरी असतं. मी पुण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. खालचे प्रश्न पालकांनी, भावंडांनी, रूममेट्सनी आणि खुद्द त्या मुलामुलींनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. कुणाची ओळख पटेल असं काही उदाहरणांत ठेवलेलं नाही.

‘सायकोसिसचा धोका’ म्हणजे काय? मुलाला वेड लागणार असं सांगताय का?

नाही, तसं सांगत नाही. सायकोसिस म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय याची पक्की खात्री होते, बोलण्याचा धागा तुटतो. धोक्याच्या अवस्थेत यातलं काहीतरी पुसटपणे येऊन जातं. जिन्यात कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. पीएमपीच्या बसमध्ये मागच्या सीटवरची मुलं आपल्यालाच हसतायत असं वाटतं. पण ‘छे, मलाच असं वाटत असेल’ एवढी शंका मनात शिल्लक असते. ती शंका फार मोलाची आहे आणि ती शिल्लक असतानाच मदत घ्यायला हवी.

डॉक्टर ही अवस्था तीन प्रकारे ओळखतात. एक, अशी पुसट लक्षणं अलीकडे सुरू झालेली किंवा वाढलेली असणं. दोन, सायकोसिसचा छोटा झटका येऊन आठवड्याच्या आत आपोआप ओसरणं. तीन, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा आजार असणं आणि गेल्या वर्षभरात मुलाचं स्वतःचं काम, अभ्यास, वावर ठळकपणे घसरणं. पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अशा तरुणांसाठी वेगळं क्लिनिक काढलं आणि तिथून हा विचार जगभर पसरला. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात, म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, ही अवस्था ‘अजून अभ्यास हवा’ या भागात ठेवलेली आहे, पक्क्या निदानांमध्ये नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या फाईलवर मोठ्या अक्षरात शिक्का मारू नये असं मला वाटतं, ते यामुळेच.

मग यात आठवणीचा आणि लक्षाचा काय संबंध?

भास किंवा संशय ठळक होण्याच्या कितीतरी आधी विचार करण्याच्या मूळ क्षमता थोड्या मंदावलेल्या दिसतात. लक्ष टिकवणं, ऐकलेलं साठवणं, डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं, कामाची आखणी करणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं या त्या क्षमता. पुस्तकी भाषेत त्यांना बोधनिक क्षमता म्हणतात, घरात आपण ‘डोकं चालणं’ म्हणतो. धोक्याच्या अवस्थेतल्या गटाची कामगिरी सरासरीने निरोगी तरुणांपेक्षा कमी आणि पहिला सायकोसिस येऊन गेलेल्यांपेक्षा बरी असते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. फरक लहान ते मध्यम असतो. ही सरासरी झाली. धोक्याच्या अवस्थेतली काही मुलं चाचण्यांत उत्तम गुण मिळवतात.

रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा. सकाळी सातला जागेवर बसायचा, रात्री नऊला उठायचा. महिन्याला कॉट बेसिसचं भाडं, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी, सगळं गावाकडून येत होतं. तो मला म्हणाला, “मॅडम, पान वाचून होतं. खाली पोचलो की वरचं गेलेलं असतं. मग परत वर जातो.” त्याने मला पुस्तक दाखवलं. एकाच परिच्छेदाखाली पेन्सिलच्या चार रेघा होत्या, कारण चार वेळा तो परिच्छेद त्याला नवाच वाटला होता. शेजारी बसणाऱ्या मित्राला वाटायचं, हा बारा तास अभ्यास करतो. प्रत्यक्षात बारा तासांत चार पानं होत होती. घरी काय सांगायचं, म्हणून तो गावी जायचाच टाळायला लागला.

इथे बिघडलं होतं ते ऐकलेलं-वाचलेलं साठवणं. दुसऱ्या कुणाचं दुसरं काही बिघडतं. आई सांगते, “येताना दळण घेऊन ये, मेडिकलमधून बाबांची गोळी आण, आणि काकूंकडे डबा दे.” मुलगी दळण घेऊन येते. बाकीचं कुठे गेलं ते तिलाही कळत नाही आणि आईला वाटतं, आपलं बोलणं मनावरच घेत नाही. डोक्यातली तात्पुरती पाटी लहान पडली की असं होतं. तिसरी सूचना लिहिताना पहिली पुसली जाते.

सगळ्यात न दिसणारी अडचण वेगाची. माहिती डोक्यात शिरून उत्तर तयार व्हायला क्षणभर जास्त लागतो. क्षणभराने काय होतंय, असं वाटेल. कट्ट्यावर पाच जण गप्पा मारत असताना बघा. एकाने टोमणा मारला, दुसऱ्याने पलटवला, सगळे हसले, विषय बदलला. याचं वाक्य तयार होतं तेव्हा ते बोलायची वेळ गेलेली असते. दोन-तीन वेळा मागाहून बोलून विचित्र शांतता पसरली की माणूस बोलणंच सोडतो, मग कट्ट्यावर जाणं सोडतो. माहिती हाताळण्याचा वेग आणि सामाजिक वावर यांचं नातं संशोधनात पुन्हा पुन्हा सापडतं, त्यामागे बरंचसं हे असावं असं मला माझ्या कामावरून वाटतं.

चेहरे वाचण्यातली चूक आणखी महागात पडते. मेसमध्ये समोरचा नुसता दमलेला आहे, पण याला तो रागावलेला वाटतो. का रागावला असेल? काल मी मीठ मागितलं म्हणून? की मागे काही बोलणं झालं? तिथून संशयाला खायला मिळतं. विचारांची अडचण आणि पुसट लक्षणं अशी एकमेकांच्या हाताला धरून चालतात.

हा आळस नाही कशावरून?

आळशी माणसाला आवडीचं काम जमतं. या मुलांना आवडीचंही जमेनासं होतं. गिटार कोपऱ्यात धूळ खाते, क्रिकेटच्या ग्रुपमधून माणूस न सांगता बाहेर पडतो, आंघोळीला उशीर होतो आणि मग आंघोळच राहते. शिवाय या अवस्थेत उमेद आटणं आणि भावना बोथट होणं हेही येतं, आणि विचारांची अडचण बऱ्याचदा त्या वाटेनेच रोजच्या कामापर्यंत पोचते. दहा वेळा प्रयत्न करून जमलं नाही की अकराव्यांदा उठावंसं वाटत नाही. बाहेरून ते आळसासारखंच दिसतं. ‘नुसता लोळत असतो’ हे वाक्य घरात रोज ऐकणाऱ्या मुलाचा ताण वाढतो, आणि ताणाने डोकं आणखी अडखळतं.

मोबाईलमुळे होतंय का?

रात्री तीनपर्यंत मोबाईल बघून झोप मोडत असेल तर लक्षावर परिणाम होणारच. झोप आधी सुधारा. पण मोबाईल काढून घेतल्यावर वर्षभराची घसरण भरून निघेल अशी आशा ठेवू नका.

तपासणी कशी करतात?

कागदावर वरच्या ओळीत नऊ खुणा असतात आणि प्रत्येक खुणेखाली एक अंक. खाली त्याच खुणा उलटसुलट क्रमाने ओळीने छापलेल्या. दीड मिनिटात जमतील तितक्या खुणांखाली योग्य अंक लिहायचे. एवढीच चाचणी. काही वेळाने बहुतेकांना दोन-तीन जोड्या पाठ होतात आणि वर न बघता हात चालतो. काही मुलांची नजर मात्र शेवटपर्यंत प्रत्येक खुणेला वर जाते, खाली येते, परत वर जाते. पेन थांबलेलं असतं आणि कपाळावर घाम येतो. आईवडिलांना आत बसवता येत नाही, पण ते दोन मिनिटं बघू शकले असते तर ‘आळशी’ हा शब्द त्यांनी परत वापरला नसता.

दुसऱ्या चाचणीत बारा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवतात, प्रत्येक वेळी आठवतील तितके शब्द सांगायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत एकदा. याशिवाय आकडे उलटे म्हणणं, चेहऱ्यांचे फोटो बघून भावना ओळखणं, असं बरंच काही असतं. एक आग्रह जरूर धरा. शब्दांच्या चाचण्या मुलाच्या भाषेत व्हायला हव्यात. मराठी माध्यमात शिकून लातूर-बीडकडून आलेल्या मुलाला इंग्रजी यादी वाचून दाखवली, तर तपासणी स्मरणशक्तीची होत नाही, इंग्रजीची होते.

हे दुसऱ्या कशाने होत नसेल ना?

होऊ शकतं, म्हणून आधी तेच तपासायचं. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, थायरॉइड, रक्त कमी असणं, डोक्याला मार, नशा, लहानपणापासूनची अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा त्रास), यादी मोठी आहे. आपल्याकडे बी-१२ हे जीवनसत्त्व विसरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी आढळलं. साधी रक्ततपासणी आहे. मात्र बी-१२ कमी निघालं म्हणून बाकीच्या लक्षणांकडे पाठ फिरवू नका, दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

चाचण्या नॉर्मल आल्या, तरी मुलीला जमत नाही. ती खोटं बोलते का?

नाही. तपासणीच्या खोलीत शांतता असते, एका वेळी एकच काम असतं, समोर कुणीतरी धीर देणारं असतं. स्वारगेटच्या गर्दीत, डोक्यात संशय घोळत असताना, बस बदलून वेळेवर पोचणं ही फार वेगळी परीक्षा आहे. स्वतःला जाणवणारी अडचण आणि चाचणीतले गुण पुष्कळदा जुळत नाहीत. उलटही होतं, गुण कमी असतात पण माणूस आपल्या युक्तीने सगळं निभावून नेतो. मी दोन्ही लिहून घेते आणि ठरवताना रोजच्या कामाला जास्त वजन देते.

पुढे सायकोसिस होईलच का?

मदतीसाठी क्लिनिकपर्यंत पोचलेल्या आणि या निकषांत बसलेल्या तरुणांपैकी तीन वर्षांत साधारण चारातल्या एकाला सायकोसिस होतो. म्हणजे तिघांना त्या काळात होत नाही. उत्तर अमेरिकेत ५९६ जणांच्या माहितीवरून २०१६ मध्ये धोका मोजण्याचं एक गणित मांडलं गेलं. त्यात विचित्र कल्पना आणि संशय यांच्या जोडीला सामाजिक वावरातली घसरण, शब्द लक्षात राहणं आणि खुणा-अंकांच्या चाचणीतला वेग यांचाही वाटा निघाला. पण एकट्या चाचणीवरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर उठून या.

मला तितकीच काळजी त्या तिघांचीही वाटते. सायकोसिस झाला नाही म्हणून ते सगळे पूर्ववत होत नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण, नोकरी, मैत्री अडखळतच राहते. ‘आवाज थांबले, आता काही नाही’ म्हणून फाईल बंद होते आणि मुलगा तिसऱ्या वर्षीही दुसऱ्याच सेमिस्टरचे विषय घेऊन बसलेला असतो. म्हणून मोठा आजार होतो की नाही याची वाट बघत बसू नये. आज जे काम अडतंय, त्याच्यावर आजच उपाय करावा.

मेंदू असाच झिजत जाणार का?

नाही. हा म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश नव्हे. बहुतेकांमध्ये या अडचणी टिकून राहतात किंवा थोड्या सुधारतात.

गोळ्या द्याव्या लागतील?

नुसत्या धोक्यासाठी अँटिसायकोटिक म्हणजे सायकोसिसवरच्या गोळ्या देऊ नयेत, असं उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. तिथे पहिली शिफारस विचार-वर्तन उपचाराची म्हणजे सीबीटीची आहे, गरजेप्रमाणे कुटुंबासोबतच्या कामासह. नैराश्य किंवा चिंता सोबत असेल तर तिच्यावर उपचार व्हायलाच हवेत, आणि खरोखरच सायकोसिस सुरू झाला तर गोळ्या टाळणं घातक ठरतं. काही औषधांनी आठवणीवर ताण येतो, हेही खरं आहे. अँटिसायकोटिक गोळ्यांमुळे हात थरथरू नयेत म्हणून दिलं जाणारं ट्रायहेक्सीफेनिडिल त्यातलंच एक. मनाने बंद करू नका. ‘हे अजून लागतंय का, डोस कमी होईल का?’ असं डॉक्टरांना विचारा. विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

मग डोक्यासाठी करायचं काय?

बोधनिक प्रशिक्षण नावाची पद्धत आहे. त्यात लक्ष, आठवण, वेग यांचे सराव करून घेतात, पुष्कळदा कॉम्प्युटरवर. धोक्याच्या अवस्थेत त्याचा फायदा माफकच दिसतो. माझ्या अनुभवात स्क्रीनवरचे गुण वाढतात, पण ते तिथेच राहू शकतात. शिकलेली युक्ती त्याच आठवड्यात घरात वापरायला लावली, तर मात्र फरक दिसतो.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाबरोबर आम्ही केलं ते असं. पंचवीस मिनिटं वाचायचं, पुस्तक बंद करून स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहायच्या, मग पाच मिनिटं उठून शनिवार पेठेपर्यंत चक्कर. दिवसाला बारा तासांऐवजी पाच. पहिल्या आठवड्यात त्याला अपराधी वाटलं, शेजारी सगळे बसलेले आणि आपण उठायचं! तिसऱ्या आठवड्यात चार पानांची दहा झाली होती. मोठी उडी नाही. पण त्या रविवारी तो गावी जाऊन आला.

घरासाठी एक खिशातली वही, एकच. तीन ठिकाणी तीन याद्या नकोत. सूचना एका वेळी एक द्या आणि ती त्याच्याकडून वदवून घ्या. चावी, पास, पाकीट यांची जागा ठरवा आणि ती कधीही बदलू नका. आखणी जमत नसेल तर काम फोडून द्या. ‘खोली आवर’ यात दहा कामं दडलेली असतात, ‘आधी कपडे बादलीत टाक’ हे एकच काम आहे. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, पर्वती चढणं, पोहणं, जे टिकेल ते.

माशाचं तेल, ब्राह्मी, शंखपुष्पी?

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ बद्दल २०१० मध्ये व्हिएन्नातल्या ८१ तरुणांवरच्या प्रयोगाने खूप आशा दाखवली. २०१७ मध्ये ३०४ जणांवरच्या मोठ्या प्रयोगात मात्र तो फायदा दिसला नाही. आयुर्वेदिक काही चालू असेल तर लपवू नका, बाटली डॉक्टरांना दाखवा.

गांजाने खरंच फरक पडतो? सगळेच घेतात म्हणतो.

पडतो. धोका असलेल्या मुलासाठी गांजा ही टाळता येण्याजोगी मोठी जोखीम आहे, विशेषतः कमी वयात आणि रोज ओढला जात असेल तर. आठवण आणि लक्ष यांचंही त्याने नुकसान होतं. होळीची भांगही त्याच झाडाची आहे, हे पालकांना आठवण करून द्यावं लागतं. पण धाकाने सुटत नाही. तो कशासाठी ओढतो ते ऐका. ‘डोक्यातला गोंधळ जरा थांबतो’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय, आणि त्या गोंधळावरच तर उपचार करायचे असतात.

कॉलेज सोडू द्यावं का?

पूर्ण सोडणं मला सहसा पटत नाही. दिवसाचा सांगाडाच निघून जातो आणि मग उठायला कारण उरत नाही. आधी ओझं कमी करा. या वेळी तीनच विषय, बाकीचे पुढच्या खेपेला. एटीकेटीला बदनामी समजू नका. वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना निदान सांगायची गरज नाही. ‘तब्येतीचे उपचार चालू आहेत, नोट्स लेखी मिळाव्यात, तोंडी परीक्षेत उत्तराला थोडा वेळ मिळावा’ एवढं पुरतं. नोकरीतही तेच: सूचना ईमेलवर मागा, आणि हिंजवडीतली रात्रपाळी शक्य तितकी टाळा.

लग्न करून दिलं की सुधारेल, असं नातेवाईक म्हणतात.

नाही सुधारणार. ज्याला स्वतःचा दिवस पेलत नाही त्याच्या खांद्यावर दुसऱ्या माणसाचं आयुष्य ठेवू नका, आणि त्या दुसऱ्या माणसापासून काही लपवू तर मुळीच नका.

पुण्यात कुठे जायचं?

ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथला खर्च सामान्य कुटुंबाला झेपतो. येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, दाखल व्हावंच लागतं असं नाही. पुण्यातच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांसाठी आणि काळजीवाहकांसाठी काम करते. तुमच्यासारखंच घर असलेली माणसं तिथे भेटतात, आणि त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही.

मुलगा मरणाबद्दल बोलत असेल, आवाज त्याला काही करायला सांगत असतील, दोन-तीन दिवस झोप-जेवण सुटलं असेल किंवा ‘मलाच असं वाटत असेल’ ही शंका संपून खात्री झाली असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तो यायलाच तयार नाही. काय करू?

तुम्ही एकटे या. येताना गेल्या दोन-तीन वर्षांच्या मार्कशीट आणा, झोपेच्या वेळा लिहून आणा, आणि ‘आधी जमायचं, आता जमत नाही’ अशा पाच गोष्टी. त्याच्याशी बोलताना सायकोसिस हा शब्द काढायची गरज नाही. त्याला जे खुपतंय त्यावरूनच बोला: ‘झोप नीट होत नाही ना, अभ्यास डोक्यात राहत नाही ना, त्याबद्दल कुणाला तरी विचारू.’ हे खरं आहे, त्यामुळे पुढे विश्वास मोडत नाही. फसवून आणू नका. ‘बाबांना दाखवायचंय, चल सोबत’ म्हणून आणलेला मुलगा दुसऱ्यांदा येत नाही.

एक जण दोन भेटी बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत फक्त आई. तिसऱ्या वेळी दार लोटून उभ्यानेच विचारलंन, “परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख दोनदा हुकली. तेवढं कसं लक्षात ठेवायचं ते सांगता का?” आम्ही तिथूनच सुरुवात केली.